माहितीचा सवीर्यता अवधी

औषधकल्पांचा सवीर्यता अवधी सांगताना शार्ङ्गधराचार्यांनी चूर्णास दोन महिने आणि गुटिका व अवलेह यांस एक वर्ष अशी मर्यादा घातली. आसव, धातू व रसकल्प मात्र जुने होतील तसे अधिक गुणवान होतात, असे त्यांचे मत आहे. आजच्या औषध नियमांतील १६१-ब हा नियमही कल्पागणिक निरनिराळी मुदत ठरवून देतो. औषधाविषयी इतके दक्ष असणारे आपण वैद्य, ज्या माहितीच्या आधारे औषध देतो तिची मुदत मात्र क्वचितच पाहतो. महाजालावरून मिळणाऱ्या माहितीच्या बाबतीत हा धोका अधिक आहे. चूर्ण बिघडले की त्यास वास येतो, गुठळ्या धरतात. पडद्यावरचा मजकूर पंधरा वर्षांनंतरही ताजाच दिसतो.

भातकापणीच्या दिवसांत पेणजवळच्या एका वाडीवरून रात्री एक रुग्ण आला होता. भारा उचलताना त्यास विंचू डसला होता. अंग घामाने निथळत होते, हातपाय गार पडले होते, दोनदा वांती झाली होती. माझ्या खणात विंचूदंशाच्या चिकित्सेचा, एका संकेतस्थळावरून छापून घेतलेला कागद होता. त्यात प्राझोसिनचा उल्लेख होता, प्रतिविषाचा नव्हता. सोबतच्या तरुण सहकाऱ्याने तो कागद उलटसुलट पाहून विचारले, ‘‘सर, यावर तारीख कुठे आहे?’’ तारीख नव्हतीच. प्रतिविषाविषयीचे नंतरचे निष्कर्ष त्यास ठाऊक होते, म्हणून वेळ न दवडता रुग्णास प्रतिविष असलेल्या रुग्णालयात पाठविले आणि तो बचावला. सहकाऱ्याचा प्रश्न मात्र मनात राहिला.

खेदाची गोष्ट ही, की या विषयातील ज्ञान आपल्याच जिल्ह्यात घडले आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशातील हृदयविकाराची पूर्वलक्षणे १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडली, तर १९८६ मध्ये त्याच नियतकालिकात प्राझोसिनचा उपयोग सांगितला. पुढे २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ७० रुग्णांवरील त्यांची चाचणी प्रसिद्ध झाली. प्रतिविष व प्राझोसिन दोन्ही दिलेल्या ३५ जणांपैकी ३२ जण दहा तासांत लक्षणमुक्त झाले. केवळ प्राझोसिन दिलेल्या ३५ जणांपैकी ८ जण. म्हणजे माझ्या खणातील कागद खोटा नव्हता, अपुरा ठरला होता. कालबाह्य माहितीचे हेच स्वरूप असते. ती एके काळी खरी असते, म्हणूनच तिच्यावर विश्वास बसतो.

कायद्याविषयीची माहिती तर चूर्णाहूनही अल्पायुषी होय. आयुर्वेदीय औषधांच्या जाहिरातींस पूर्वपरवानगीची अट घालणारा नियम १७० डिसेंबर २०१८ मध्ये आला. १ जुलै २०२४ च्या अधिसूचनेने तो वगळण्यात आला. २७ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या वगळण्यास स्थगिती दिली आणि ११ ऑगस्ट २०२५ रोजी ती स्थगितीही उठली. यांपैकी कोणत्याही टप्प्यावरचा लेख शोधात प्रथम हाती येऊ शकतो. संस्थाही बदलतात. ११ जून २०२१ रोजी भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेची जागा राष्ट्रीय भारतीय चिकित्सा पद्धती आयोगाने घेतली. त्यामुळे परिषदेच्या नावाने साठविलेले जुने निकष आज प्रमाण मानता येत नाहीत.

यावर उपाय सोपा आहे. माहितीचे तीन वर्ग करावेत. नियम, परिपत्रके व दर हा चूर्णवर्ग. तो वापरण्यापूर्वी दर वेळी मूळ शासकीय स्थळी पडताळावा. चिकित्साविषयक संशोधन व औषधांचे दुष्परिणाम हा गुटिकावर्ग; त्याचे वर्षातून एकदा पुनरवलोकन करावे. संहितापाठ हा रसवर्ग. तो जुना होत नाही, मात्र महाजालावरील पाठ मुद्रित आवृत्तीशी ताडून घ्यावा. कोणताही मजकूर साठविताना लेखक अथवा संस्था, प्रसिद्धीची तारीख, आपण तो घेतल्याची तारीख आणि पुन्हा पाहण्याची तारीख या चार गोष्टी वर लिहाव्यात. संकेतस्थळे बंद पडतात, पत्ते बदलतात. म्हणून महत्त्वाच्या मजकुराची प्रत स्वतःजवळ ठेवावी. जुनी प्रत फाडून टाकू नये. तिच्यावर ‘कालबाह्य’ असे लिहून ती निराळ्या धारिकेत ठेवावी, म्हणजे चिकित्सेत काय व का बदलले हे कळते. आणि तारीख नसलेला संदेश भ्रमणध्वनीवरून पुढे धाडू नये, मग तो कितीही ज्येष्ठ वैद्याकडून आलेला असो.

हे काम एकट्याने तडीस जात नाही. चरकाचार्यांनी अध्ययन व अध्यापन यांच्या जोडीस तद्विद्यसंभाषा सांगितली ती याचसाठी. पेण व रोहा येथील वैद्यबंधुभगिनींनी पुढील सभेस येताना आपापल्या खणातील एक जुना कागद सोबत आणावा. तो आजही सवीर्य आहे की नाही, हे आपण मिळून पाहू.