कोबीचे पान उलटून पाहा

कोबी लावला. खत दिले, पाणी दिले. गड्डे धरू लागले. आणि एक दिवस पाहतो तो पानांची चाळण झालेली! मग आपण घाईने औषध आणतो आणि मारतो. पैसा जातो, कीड मात्र जात नाही. असे का होते? कीड कोणती, हे आपण नीट पाहिलेलेच नसते.

म्हणून आधी पान उलटून पाहावे. कीड बहुधा खालच्या अंगाला असते.

फिकट हिरवी, बारीक अळी दिसली का? तिला काडीने डिवचा. ती जोराने वळवळते आणि धागा सोडून खाली लोंबते. ही चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अळी. लहान असताना ती पान खरवडते. पातळ पापुद्रा तेवढा राहतो. मोठी झाली की भोके पाडते.

राखी रंगाचे बारीक किडे दाटीने बसले असतील, तर तो मावा. तो पानातला रस शोषतो. पाने आकसतात, चिकट होतात. माव्याजवळ तांबडा, काळ्या ठिपक्यांचा गोल किडा दिसला तर मारू नका बरं. तो ढालकिडा. तो मावा खातो. आपला बिनमजुरीचा गडीच तो!

आता उपाय पाहू. या पतंगाला कोबीपेक्षा मोहरी जास्त आवडते. म्हणून कोबीच्या दर 25 ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी घ्याव्या. एक ओळ रोपे लावण्याआधी 15 दिवस पेरावी. दुसरी रोपे लावल्यावर 25 दिवसांनी पेरावी. पतंग मोहरीवर अंडी घालतो. मग अळ्या तिथेच मारता येतात.

निंबोळीचा अर्क घरीच होतो. वाळलेल्या निंबोळ्यांचा 5 किलो गर कुटून रात्रभर पाण्यात भिजवावा. सकाळी फडक्याने गाळावा. त्यात 200 ग्रॅम साबण विरघळवून एकूण 100 लिटर पाणी करावे. कोबीचे पान मेणचट असते. साबणामुळे अर्क पानाला धरून राहतो. संध्याकाळी फवारावे, पानाच्या खालूनही.

एकच विषारी औषध पुन्हा पुन्हा मारू नये. जावा बेटावर 1953 साली ही अळी डीडीटीने मरेनाशी झाल्याचे दिसून आले. औषधातून ज्या अळ्या वाचतात, त्यांचीच पुढे पैदास होते.

औषध मारल्यावर किती दिवस गड्डा काढू नये, ते डब्यावर छापलेले असते. त्याआधी काढलेला गड्डा आपलीच पोरे खातात. आता आपल्याला वाचता येते. मग डबा उघडण्याआधी तो वाचू या.