काळ्या मातीतील कोरफड

नांदेड व लातूर हे दोन्ही जिल्हे काळ्या मातीसाठी प्रसिद्ध आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर तप्त लाव्ह्याचे थर पसरले. त्यांपासून काळा पाषाण बनला आणि तो ऊनपावसाने झिजून ही माती तयार झाली. ज्वारी, कापूस, तूर यांना ती मातेसमान आहे. परंतु त्याच मातीत अंगणामध्ये कोरफड लावली, तर ती पुष्कळदा पावसाळ्यात कुजून जाते. पाण्यावाचून महिनेच्या महिने तग धरणारी वनस्पती पाण्याच्या सुकाळात मरावी, हे नवलच नव्हे काय?

याचे कारण मातीच्या स्वभावात आहे. काळ्या मातीचे कण अतिशय बारीक असतात. पाणी मिळताच ती फुगते आणि वाळली की आकसते. म्हणूनच उन्हाळ्यात शेतात रुंद भेगा पडलेल्या तुम्ही पाहता, आणि पावसाळ्यात तीच माती पायाला चिकटून पाऊल जड करते. माती फुगली की कणांमधील पोकळ्या बुजतात व तेथील हवा निघून जाते. मुळांनाही श्वसनासाठी हवा लागते. ती न मिळाल्यास मुळे गुदमरतात आणि कुजतात.

कोरफड, घायपात, निवडुंग, पानफुटी या मांसल वनस्पती होत. कोरफड आपल्या जाड पानांत पाणी साठवते, तर निवडुंग हिरव्या खोडात. बहुतेक वनस्पतींच्या पानांवरील सूक्ष्म छिद्रे दिवसा उघडी असतात. या वनस्पती मात्र ती मुख्यतः रात्री उघडतात. त्यामुळे उन्हात पाणी उडून जात नाही. रात्री घेतलेला कर्बवायू त्या आम्लाच्या रूपाने साठवतात व दिवसा सूर्यप्रकाशात त्यापासून अन्न तयार करतात. पानफुटीचे पान सकाळी आंबट लागते व दुपारी बेचव होते, हे भारतात राहणाऱ्या बेंजामिन हेन या वनस्पतिशास्त्रज्ञाने नोंदवले होते. त्याचे निरीक्षण १८१५ साली प्रसिद्ध झाले. तुम्ही मात्र कोणत्याही झाडाचे पान चाखून पाहू नये; काही झाडांचा चीक विषारी असतो.

मग काळ्या मातीत ही झाडे लावावीत कशी? प्रथम जमिनीची परीक्षा करावी. वीतभर खोल खड्डा खणून तो पाण्याने भरावा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसेच दिसले, तर तेथे निचरा नाही असे समजावे. काही जण खड्डा खणून त्यात वाळू भरतात. हा उपाय घातक ठरतो. कारण भोवतालच्या चिकण मातीमुळे त्या खड्ड्याचे भांडे बनते आणि पाणी त्यातच साचते. म्हणून खाली न खणता वर चढावे. दगड रचून हात-दीड हात उंच वाफा करावा. त्यात मुरूम, भरड वाळू, विटांचे तुकडे आणि थोडे कुजलेले शेणखत मिसळलेली माती भरावी. निवडुंगाचा तुकडा लावायचा असल्यास त्याची कापलेली बाजू काही दिवस सावलीत सुकू द्यावी. पावसाचा जोर ओसरल्यावर लागवड करावी आणि माती पूर्ण वाळल्याशिवाय पुन्हा पाणी घालू नये. 'अति तेथे माती' ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरते.

२०१६ सालच्या एप्रिल महिन्यात लातूरकरांसाठी मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले होते. जेथे पाण्याचा एक घडाही मोलाचा ठरतो, तेथे थोडक्या पाण्यावर हिरवी राहणारी बाग शाळेच्या अंगणाला शोभा देईल, आणि वाचलेले पाणी तहानलेल्याच्या उपयोगी पडेल. मात्र त्यासाठी झाडाची आणि मातीची प्रकृती आधी ओळखली पाहिजे. ती ओळखणे हेच बागकामातील पहिले शिक्षण होय.