माहुलीची शरणागती

कल्याणहून कसारा लोकलने निघालं की शहाड, आंबिवली, टिटवाळा, खडवली, वासिंद आणि मग आसनगाव. वासिंद सुटलं की डाव्या हाताला एक अजस्र डोंगर वर यायला लागतो. माथा लांबच लांब, कडे सरळ तुटलेले आणि दक्षिण टोकाला सुळक्यांची रांग. नवरा, नवरी, करवली, भटजी अशी त्यांची नावं गिर्यारोहकांच्या तोंडी आहेत. हा माहुली. पळसगड, माहुली आणि भंडारगड असे तीन गड एकाच पहाडावर, उंची २,८०० फुटांच्या आसपास. डोंबिवली, ठाण्याची कितीतरी मुलं पहिला ट्रेक इथेच करतात. लोखंडी शिडी चढून वर येतात, महादरवाजाजवळच्या पहारेकऱ्यांच्या देवड्यांत बसून डबा खातात आणि संध्याकाळच्या गाडीनं घरी जातात.

याच माथ्यावर १६३६ च्या ऑक्टोबरात एका सरदाराला हत्यार खाली ठेवावं लागलं. त्याचं सगळं गेलं: सोळा वर्षं ज्या राज्यासाठी आलटून पालटून तलवार चालवली ते राज्य, हाताखालचे किल्ले, आणि आपल्या मुलखात राहण्याची मुभाही. त्या सरदाराचं नाव शहाजी मालोजी भोसले. १५९४ हे जन्मवर्ष धरलं तर तेव्हा त्यांचं वय बेचाळीस होतं. घोड्यावरच आयुष्य काढणाऱ्या माणसासाठी त्या काळी हे वय उतारावरचंच. त्या वयात त्यांनी नवं घर शोधलं, आणि त्यातून पुढे जे घडत गेलं ते पाहिलं की थक्क व्हायला होतं.

आधी ते माहुलीवर आले कसे, हे पाहायला हवं. शहाजीराजांची जडणघडण निजामशाहीतली, मलिक अंबरच्या वेळची. १६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडीला मुघल आणि आदिलशाही अशा दोन फौजांना निजामशाहीनं एकत्र धूळ चारली. त्या लढाईत शहाजीराजांनी नाव कमावलं आणि सख्खा भाऊ शरीफजी गमावला. दोन वर्षांनी मलिक अंबर गेला आणि निजामशाहीची वीण उसवत गेली. राजे आदिलशाहीत गेले, परत निजामशाहीत आले. १६२९ मध्ये त्यांचे सासरे लखुजी जाधवराव दौलताबादच्या दरबारात मारले गेले, तेव्हा राजे मुघलांकडे गेले. तिथूनही दोनेक वर्षांत बाहेर पडले. मधल्या काळात पुणं आदिलशाही सरदार मुरार जगदेवानं जाळलं होतं आणि दख्खनवर भयंकर दुष्काळ कोसळला होता. आजच्या डोळ्यांनी ही धन्यांची अदलाबदल चंचलपणाची वाटते. मला ती तशी वाटत नाही. तिन्ही दरबारांना त्यांची फौज हवी होती, पण त्यांना पाय रोवायला जागा द्यायला एकही दरबार तयार नव्हता.

१६३३ मध्ये दौलताबाद पडलं आणि निजाम कैद होऊन ग्वाल्हेरच्या किल्ल्यात गेला. कागदावर निजामशाही संपली. मग शहाजीराजांनी जे केलं त्याचं धाडस बघा. त्यांनी निजामाच्या घराण्यातलं एक लहान मूल शोधलं, संगमनेरजवळच्या पेमगिरीवर त्याला तख्तावर बसवलं आणि त्याच्या नावानं स्वतः राज्य हाकायला घेतलं. जुन्नर, त्र्यंबक, जीवधन, हडसर असे किल्ले हाताशी ठेवून त्यांनी हा डाव तीन वर्षं टिकवला. बुडालेलं राज्य एका सरदारानं आपल्या खांद्यावर तीन वर्षं उभं धरलं होतं!

ते मोडायला शाहजहान बादशहाला स्वतः दख्खनमध्ये उतरावं लागलं. १६३६ च्या मे महिन्यात त्यानं विजापूरशी तह केला. निजामशाही दोघांनी वाटून घ्यायची आणि शहाजीराजांनी मुघलांना किल्ले दिल्याशिवाय आदिलशहानं त्यांना नोकरीत घ्यायचं नाही, असं ठरलं. कालपर्यंत एकमेकांवर उठलेल्या दोन सत्ता आता एका माणसाच्या मागे लागल्या. मुघलांकडून खानजमान, विजापूरकडून रणदुल्लाखान. पावसाळा आडवा आला. नद्या फुगल्या आणि खानजमानाची फौज जवळजवळ महिनाभर अडकून पडली. पाणी ओसरताच पाठलाग पुन्हा सुरू झाला आणि राजे घाट उतरून कोकणात आले.

कोकणात त्यांना आशा होती ती पोर्तुगिजांची. ठाणे शहर, साष्टी, वसई, चौल ही सगळी ठिकाणं तेव्हा पोर्तुगिजांच्या ताब्यात होती. समुद्र त्यांचा, तोफा त्यांच्या. राजांनी मदत मागितली. पोर्तुगिजांनी नकार दिला. मुघल बादशहा दख्खनमध्ये येऊन बसलेला असताना त्याच्या शत्रूला जवळ करायची कुणाची छाती होती? मग उरला माहुली. जिजाबाई आणि सहा वर्षांचे शिवाजीही तेव्हा गडावर होते असं सांगितलं जातं. एका दरवाजासमोर खानजमान बसला, दुसऱ्यासमोर रणदुल्लाखान. वर येणारी रसद तुटली.

अखेर राजांनी बोलणी लावली. बाळ निजाम मुघलांच्या हवाली झाला. त्याला ग्वाल्हेरला नेलं तेव्हा त्याच्या घराण्यातले दोन निजाम तिथे आधीपासूनच कैदेत होते. एक अहमदनगर पडलं तेव्हाचा, दुसरा दौलताबाद पडलं तेव्हाचा. किल्ले गेले. राजांना आदिलशाही चाकरी मिळाली. पुणे-सुप्याची जहागीर आदिलशाहीखाली त्यांच्या नावावर राहिली, पण त्यांनी स्वतः मात्र दूर दक्षिणेत जायचं होतं. मुघल सरहद्दीच्या आसपास हा माणूस नको, हा त्यामागचा हेतू. त्याच वर्षी दख्खनचा सुभेदार म्हणून एका अठराच्या उंबरठ्यावरच्या शहजाद्याची नेमणूक झाली होती. तो औरंगजेब.

इथे एक योगायोग सांगायला हवा. शाहजहानचा खापरपणजोबा बाबर हाही असाच घर हरवलेला लढवय्या होता. फरगाणा गेलं, समरकंद हाती येऊन गेलं, काबूलला कसाबसा थारा मिळाला आणि त्रेचाळिसाव्या वर्षी पानिपतावर त्याला हिंदुस्तान सापडला. त्याच्या वंशजानं शहाजीराजांना मुलखाबाहेर काढलं तेव्हा राजांचं वय जवळपास तेवढंच होतं.

राजे दक्षिणेत गेले ते ज्यानं वेढा घातला होता त्या रणदुल्लाखानाबरोबरच. १६३८ मध्ये आदिलशाही फौजेनं तिसऱ्या केंपेगौडाचं बंगळूर घेतलं आणि ते शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळालं. कोलार, होसकोटे, दोड्डबळ्ळापूर, शिरा हा टापूही पुढे त्यांच्याकडे आला. केंपेगौडाला मागडीला सरकावं लागलं. एकाला नवं घर मिळालं ते दुसऱ्याचं घर रिकामं करूनच. हे नजरेआड करून या गोष्टीचं कौतुक करता येत नाही.

बंगळुरात मात्र या हरलेल्या सरदाराचं वेगळंच रूप दिसतं. जयराम पिंड्ये नावाच्या कवीनं ‘राधामाधवविलासचंपू’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला, त्यात शहाजीराजांच्या दरबाराचं वर्णन आहे. विश्वनाथ काशीनाथ राजवाड्यांनी तो संपादित करून १९२२ मध्ये मोठ्या प्रस्तावनेसह छापला. जयराम पहिल्यांदा भेटीला आला तेव्हा त्यानं राजांपुढे बारा नारळ ठेवले. इतके नारळ कशाला? तर आपण बारा भाषांत काव्य करतो, म्हणून भाषेगणिक एक. संस्कृत, कानडी, गुजराती, पंजाबी, यावनी अशा भाषांची कवनं त्या ग्रंथात आहेत आणि दरबारात जागोजागचे कवी, पंडित समस्या घालताहेत, सोडवताहेत. १६३६ मध्ये ज्याच्यापाशी डोकं टेकायला किल्ला उरला नव्हता, त्याच्या पदरी पुढे एवढी विद्या गोळा झाली. मला त्यांच्या सगळ्या लढायांपेक्षा हे मोठं वाटतं.

सुख निर्वेध नव्हतं. १६४८ मध्ये जिंजीच्या वेढ्याच्या छावणीत आदिलशाही सेनापती मुस्तफाखानानं त्यांना कैद केलं. मुलगा तिकडे मावळात किल्ले घेत होता, त्याचा राग बापावर निघाला. कोंढाणा परत दिल्यावर पुढच्या वर्षी सुटका झाली. थोरले चिरंजीव संभाजीराजे कनकगिरीच्या लढाईत पडले. साठीकडे झुकलेल्या बापानं तेही पचवलं आणि मोहिमा चालूच ठेवल्या.

आता पुन्हा आपल्या भागाकडे या. माहुली पडला तेव्हा कल्याण-भिवंडीचा मुलूख विजापूरकडे गेला होता. एकवीस वर्षांनी, १६५७ च्या ऑक्टोबरात, शिवाजीराजांच्या माणसांनी कल्याण आणि भिवंडी घेतली. कल्याणच्या खाडीकाठी दुर्गाडी उभा राहिला, आरमाराची सुरुवात झाली. १६५८ च्या जानेवारीत माहुलीही स्वराज्यात आला. पुरंदरच्या तहात १६६५ मध्ये तो मुघलांना द्यावा लागला आणि १६७० मध्ये परत घ्यायची वेळ आली. तेव्हा किल्लेदार होता मनोहरदास गौड. पहिला हल्ला त्यानं मोडून काढला आणि मराठ्यांचे कित्येक लोक कड्यावर कामी आले. जूनमध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी गड जिंकला. बापाला जिथून निघून जावं लागलं तो गड मुलानं दोनदा मिळवला.

दुसऱ्यांदा मिळालेला पाहायला शहाजीराजे नव्हते. २३ जानेवारी १६६४ रोजी, आजच्या दावणगेरे जिल्ह्यात चन्नगिरीजवळच्या होदिगेरेला, शिकारीत हरणामागे घोडा घातला असता घोड्याचा पाय अडकला आणि ते पडले ते उठलेच नाहीत. सत्तरीला टेकलेला माणूस भरधाव घोड्यावर होता, हे ध्यानात घ्या. समाधी तिथेच आहे.

त्यांच्या नव्या घराचं पुढे काय झालं? धाकटे चिरंजीव व्यंकोजी तंजावरला गेले आणि १६७५-७६ च्या सुमारास तिथे राजे झाले. लांबचं बंगळूर सांभाळणं जड जायला लागलं, तेव्हा त्यांनी ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयारला तीन लाख रुपयांना विकायचं ठरवलं. सौदा पुरा होतो न होतो तोच, १६८७ च्या जुलैत, मुघल सरदार कासिमखानानं शहरावर निशाण लावलं आणि त्याच तीन लाखांना ते म्हैसूरला देऊन टाकलं. बंगळूर हातचं गेलं, तंजावर मात्र १८५५ पर्यंत भोसल्यांच्या घराण्याकडे राहिलं. घराण्यातल्या दुसऱ्या सरफोजीनं सरस्वती महाल ग्रंथालय नावारूपाला आणलं आणि चोळांनी बांधलेल्या बृहदीश्वर मंदिराच्या आवारातल्या भिंतीवर १८०३ मध्ये भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरून घेतला. लेख इतका लांब आहे की वाचता वाचता माणूस भिंतीच्या कडेकडेनं चालत राहतो. तंजावरात मराठी बोलणारी घरं अजून आहेत. त्यांच्या बोलीत तमिळ शब्द मिसळले आहेत, तरी आपल्याला ती कळते.