ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो?

केंद्र सरकारच्या २०२५ च्या दूरसंचार पाहणीत देशातल्या ८५.५ टक्के घरांत किमान एक स्मार्टफोन आढळला. आकडा घसघशीत आहे, पण तो घराचा आहे. तो फोन सकाळी कुणाच्या खिशातून बाहेर जातो, हे त्यावरून कळत नाही. त्याआधीच्या, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वतः वापरायला मोबाइल असलेल्या बायका ५४ टक्केच निघाल्या होत्या. इंटरनेट कधी तरी वापरलेले पुरुष ५७ टक्के, बायका ३३.

महाराष्ट्रात हे अंतर उघडं पडलं ते 'लाडकी बहीण'च्या ई-केवायसीत. महिना दीड हजाराच्या या योजनेत सप्टेंबर २०२५ मध्ये ती सक्तीची झाली. बाईने आपला आधार क्रमांक भरायचा, आधारला जोडलेल्या मोबाइलवर आलेला ओटीपी टाकायचा. मग नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार आणि त्यांचाही ओटीपी. उत्पन्नाची अट अख्ख्या कुटुंबाची असल्याने पडताळणी हवीच, त्याबद्दल वाद नाही. मंत्रालयात बसून हे दोन मिनिटांचं काम वाटलंही असेल.

पण नवरा ऊसतोडीला दूर गेलेला असतो आणि ओटीपी दहा मिनिटांत शिळा होतो. मग फोन करून आकडे विचारायचे. (ओटीपी कुणालाही सांगू नका, असं बँका बजावतात ते वेगळंच.) नवरा वारलेला, किंवा टाकून गेलेला असेल तर? त्या बायकांसाठी वेगळी वाट काढेपर्यंत नोव्हेंबर उजाडला आणि १८ नोव्हेंबरची मुदत ३१ डिसेंबरवर गेली.

डेटा स्वस्त झाला, २०१६ नंतर तर फारच. पण नंबर टिकवायला पैसे लागतात. सिम ९० दिवस वापराविना राहिलं की कंपनी ते बंद करू शकते आणि तोच नंबर पुढे भलत्याला मिळतो. आधारला नवा नंबर जोडायचा तर तेव्हा सहसा केंद्रावर जावं लागे. शुल्क ऑक्टोबर २०२५ पासून ७५ रुपये. त्यात एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी धरा. नंदुरबारच्या धडगाव तालुक्यात तर बायका रेंजसाठी डोंगर चढल्या.

यातून ई-सेवा केंद्रातला पोरगा गावचा नवा तलाठी झाला आहे. तो बहुधा भला असतो, पण कुणाचा नंबर कशाला जोडलाय हे फक्त त्यालाच ठाऊक असतं. आधी खेटे घालायला कचेरी होती आणि कारकुनाशी भांडता तरी येई. 'सेशन एक्स्पायर्ड' म्हणणाऱ्या पडद्याशी भांडायचं कसं?

डोळ्यांची उघडझाप करता न आल्याने ज्यांची केवायसी अडली, त्या अ‍ॅसिडहल्ला पीडितांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी निकाल दिला: डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. 'लाडकी बहीण'ची सक्ती त्यानंतर पाच महिन्यांच्या आत आली.

आणि जानेवारी २०२६ मध्ये, ई-केवायसीत ज्यांच्याकडून चुकीचा पर्याय निवडला गेला त्या बायकांची प्रत्यक्ष पडताळणी अंगणवाडी सेविकांवर सोपवली गेली. ऑगस्ट २०२१ मध्ये याच सेविकांनी, नोंदींचं 'पोषण ट्रॅकर' अ‍ॅप इंग्रजीत आणि फोन कमकुवत म्हणून, सरकारने दिलेले मोबाइल परत केले होते.