बाळाच्या तोंडात बुरशी, आईच्या स्तनाग्रांना आग: औषध दोघांनाही हवं

बाळ महिना-दीड महिन्याचं होतं आणि घरात तक्रार सुरू होते: तोंडात पांढरं साचतंय, दूध ओढता ओढता मध्येच सोडून रडतंय. घरातलं पहिलं निदान बहुतेक वेळा 'आईचं दूध बाधतंय' हे असतं आणि पहिला उपाय म्हणजे अंगावरचं बंद करून वरचं दूध. दूध बाधलेलं नसतं. कॅन्डिडा नावाची बुरशी वाढलेली असते. ती आपल्या सगळ्यांच्या अंगावर थोडीफार असतेच. बाळाची प्रतिकारशक्ती अजून कच्ची असते, त्यात सिझेरियननंतर आईला किंवा काही कारणाने बाळाला अँटिबायोटिक दिलेलं असलं, तर तिला वाढायला वाव मिळतो.

आधी नीट बघा

दिवसाच्या उजेडात बाळाचं तोंड बघा. फक्त जिभेवर पातळ पांढरा थर असेल आणि ओल्या मऊ कापडाने हलकेच पुसला जात असेल, तर ते दूध आहे. औषध नको. बुरशीचे चट्टे गालांच्या आतून, हिरड्यांवर, ओठांच्या आतल्या बाजूलाही असतात, दह्याच्या बारीक गुठळ्यांसारखे दिसतात आणि सहज निघत नाहीत. बोटाला कापड गुंडाळून ते खरवडू नका. खालची त्वचा लाल होते, रक्त येतं आणि बाळ आणखी दूध सोडतं. लंगोटाच्या जागी लालभडक पुरळ आणि त्याच्या कडेने सुटे लाल ठिपके असतील तर तीही बहुधा हीच बुरशी.

आईचं निदान मात्र इतकं सोपं नाही. काही आठवडे पाजताना काहीच त्रास नव्हता आणि मग दोन्ही बाजूंना आग, खाज, पाजून झाल्यावरही राहणारी जळजळ सुरू झाली, स्तनाग्रं गुलाबी चकचकीत दिसू लागली, तर बुरशीचा संशय घ्यावा. पहिल्या दिवसापासून दुखत असेल तर बाळ फक्त स्तनाग्र तोंडात घेतंय का, ते आधी पाहावं. भोवतालचा काळा भागही तोंडात गेला पाहिजे. माझ्या मते 'बुरशी आहे' म्हणून आलेल्या बऱ्याच बायकांचा खरा प्रश्न हाच असतो. पाजण्याची पद्धत सुधारली की मलमाची गरजच राहत नाही. ताप, थंडी आणि एका बाजूला लाल, कडक, दुखरा भाग असेल तर ती बुरशी नाही. स्तनाचा जंतुसंसर्ग आहे, त्याला वेगळं औषध लागतं. त्याच दिवशी दाखवा.

टाकणखार आणि मध नको

आपल्या जुन्नर-आंबेगाव भागात आजही टाकणखाराची लाही मधात खलून बाळाच्या तोंडाला लावतात. आजीचा हेतू चांगला असतो, पण हे दोन्ही पदार्थ तान्ह्या बाळाला धोक्याचे आहेत. टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, पोटात गेल्यावर शरीरात साठत जातो. मध आणि बोरॅक्सचं मिश्रण वारंवार दिल्यामुळे झटके आलेल्या ७ बाळांची नोंद डॉक्टरांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केली होती. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या बोरॅक्स ग्लिसरीनलाही हेच लागू आहे. मधात एका जंतूची बीजं असू शकतात. त्यांच्या विषाने बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात, म्हणून वर्षाच्या आत मधाचं बोटसुद्धा नको. घुटी उगाळायची सहाण आणि चाटवायचं बोटही या काळात बाजूला राहू द्या.

औषध कसं लावायचं

बाळाच्या तोंडासाठी निस्टॅटिनचे थेंब किंवा क्लोट्रिमॅझोलचं तोंडात लावायचं औषध डॉक्टर देतात. ते दूध पाजून झाल्यावर, स्वच्छ हाताने किंवा कापसाच्या बोळ्याने चट्ट्यांवर लावायचं; आधी लावलं तर दुधाबरोबर धुऊन जातं. मायकोनाझोलची तोंडातली जेल चिकट असते, ती चार महिन्यांखालच्या बाळाच्या घशात अडकू शकते. म्हणून मनाने आणून लावू नका.

आईला दुखत असेल किंवा स्तनाग्रांवर खुणा असतील तर तिचे उपचार त्याच दिवशी सुरू करावेत, नाहीतर बुरशी एकीकडून दुसरीकडे फिरत राहते. बुरशीचं मलम प्रत्येक वेळी पाजल्यावर पातळ लावायचं आणि पुढच्या वेळी वर दिसणारं हलकेच पुसून घ्यायचं. बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजाराला आलेली घरची माणसं मेडिकलमधून 'खाजेची ट्यूब' घेऊन जातात, तिच्यात बऱ्याचदा स्टेरॉइड आणि अँटिबायोटिकही असतं. ती स्तनाग्रांना लावू नका. मलमाने भागलं नाही तर गोळ्या असतात, त्या डॉक्टरांनीच ठरवायच्या.

दोन-तीन दिवसांत फरक दिसतो. चट्टे गेले म्हणून लगेच थांबू नका, सांगितलेले दिवस पूर्ण करा. आठवड्यात फरक नसेल तर पुन्हा दाखवा. वारंवार होत असेल तर आईची साखर तपासून घ्यावी.

या सगळ्या काळात अंगावर पाजणं चालू ठेवायचं. फार दुखत असेल तर त्या बाजूचं दूध हाताने काढून वाटी-चमच्याने ताजं पाजा. साठवून, गोठवून ठेवू नका, गोठवल्याने बुरशी मरत नाही. बाटली आणि चोखणी शक्यतो नकोच. वापरत असाल तर रोज २० मिनिटं उकळा. ब्लाउज, आतले कपडे, लंगोट गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा आणि लंगोट बदलल्यावर साबणाने हात धुवा.

आशाताई ४२ दिवसांपर्यंत घरी येतात, त्यांना बाळाचं तोंड दाखवा आणि पाजताना बसून बघायला सांगा. पण बाळ दूध ओढतच नसेल, दिवसभरात सहापेक्षा कमी वेळा लघवी करत असेल, मलूल पडलं असेल किंवा तीन महिन्यांच्या आत १००.४ फॅरनहाइट ताप आला असेल, तर त्यांची वाट पाहू नका. रात्र असली तरी बाळाला दवाखान्यात न्या.