रिपोर्ट आला, आता बाळाचं काय?

बडोद्याला प्रतापनगरात भाचीकडे गेले होते. वय एकतीस, लग्नाला दोन वर्षं. चहा टाकता टाकता तिनं रिपोर्ट पुढे केला. एचपीव्ही पॉझिटिव्ह. "मावशी, मला मूल होईल ना गं?" सासूबाई बाहेर बसलेल्या, म्हणून आवाज दबका.

दुसऱ्या दिवशी दोघी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. नुसत्या या विषाणूमुळे दिवस राहायचे थांबत नाहीत, त्या म्हणाल्या. बहुतेकींचा संसर्ग एक-दोन वर्षांत आपोआप जातो. एवढ्यासाठी सिझेरियनही लागत नाही. मात्र तो टिकला, गर्भाशयाच्या मुखावरच्या पेशी बदलल्या आणि तो भाग कापावा लागला, तर पुढे बाळ दिवस भरण्याआधी होण्याची शक्यता थोडी वाढते. म्हणून मूल हवं असल्याचं उपचाराआधीच सांगायचं.

तपासणी टाळण्यात मात्र शहाणपण नाही. आपल्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून सव्वा लाखाहून अधिक बायकांचा अभ्यास झाला. एकदाच एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, हे २००९ साली प्रसिद्ध झालं.

"कुणाकडून आला हा?" भाचीचा खरा प्रश्न शेवटी आला. तो वर्षानुवर्षं गुपचूप राहतो, सांगता येत नाही, बाई म्हणाल्या.

संध्याकाळी तिनं रिपोर्ट नवऱ्याला स्वतःच वाचून दाखवला.