वेब रोज बदलतं, हा समज

“वेबमधलं सगळं दर सहा महिन्यांनी बदलतं, आज शिकलेलं उद्या वाया जातं.” या कामात येऊ पाहणाऱ्या मुलामुलींकडून मी हे सारखं ऐकतो. त्यांची धास्ती समजण्यासारखी आहे. पण बदलतं काय आणि टिकतं काय, याची त्यात गल्लत झालेली असते.

टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत केलेली पहिली वेबसाइट १९९१ साली सर्वांसाठी खुली झाली. तिच्या १९९२ मधल्या पानांची जपलेली प्रत आज मोबाइलवर उघडून बघा. मजकूर दिसतो, लिंका चालतात, अरुंद स्क्रीनवर ओळी आपोआप खाली सरकतात. हे योगायोगाने होत नाही. जुनी पानं मोडायची नाहीत, हा ब्राउझर बनवणाऱ्यांचा आणि जावास्क्रिप्ट या भाषेचे नियम ठरवणाऱ्या समितीचा दंडक आहे. २०१८ मध्ये जावास्क्रिप्टमध्ये ‘फ्लॅटन’ नावाचं फंक्शन यायचं होतं. फायरफॉक्सच्या चाचणी आवृत्तीत ते येताच मूटूल्स ही जुनी, वापरातून जवळजवळ गेलेली लायब्ररी वापरणारी एक साइट मोडली. समितीने त्या साइटला दुरुस्ती करायला लावली नाही, फंक्शनचंच नाव बदललं. आज ते ‘फ्लॅट’ म्हणून चालतं. जुन्याची एवढी कदर करणारं तंत्रज्ञान मला दुसरं माहीत नाही.

बदलतात ती वरची साधनं, म्हणजे फ्रेमवर्क. अँग्युलरजेएस २०१० मध्ये आलं, २०१६ मध्ये त्याच्या जागी नव्याने लिहिलेलं अँग्युलर आलं आणि २०२१ संपताना जुन्याची अधिकृत देखभाल थांबली. रिॲक्ट २०१३ पासून टिकून आहे, पण २०१९ मध्ये हुक्स आल्यावर त्यात कोड लिहिण्याची पद्धतच पालटली. हा फेरा खरा आहे, दमवणाराही आहे. म्हणूनच एचटीएमएल, सीएसएस आणि साधी जावास्क्रिप्ट आधी पक्की करा, असं मी आग्रहाने सांगतो.

यालाच लागून दुसरा समज येतो, की फ्रेमवर्क नसेल तर साइट ‘मॉडर्न’ नाही. रिॲक्ट फेसबुकच्या गरजेतून जन्मलं. एकाच स्क्रीनवर चॅट, सूचना आणि न वाचलेल्या संदेशांचा आकडा एकमेकांशी जुळवून ठेवायचे, हा तिथला प्रश्न होता. मंगल कार्यालयाच्या किंवा शाळेच्या साइटला तो प्रश्न नसतो. तिथे पत्ता, फोटो, वेळा आणि एखादा फॉर्म पुरतो. मोठ्या साइटचं उदाहरणही पाहा. गिटहबने २०१८ मध्ये आपल्या साइटवरून जेक्वेरी ही लायब्ररी पूर्णपणे काढली आणि तिच्या जागी कुठलंही फ्रेमवर्क आणलं नाही. जेक्वेरी २००६ मध्ये आली तेव्हा ब्राउझरांमध्ये एकवाक्यता नव्हती, म्हणून ती हवीच होती. पुढे तिची बरीचशी कामं ब्राउझर स्वतःच करू लागले.

हे अजूनही चालूच आहे. पॉपअप चौकटीसाठी आपण वर्षानुवर्षं लायब्ररी आणत आलो. २०२२ पासून ‘डायलॉग’ हा टॅग सर्व प्रमुख ब्राउझरांत आहे. जावास्क्रिप्टच्या एका ओळीने तो उघडता येतो, एस्केप दाबलं की तो मिटतो आणि मागचं पान तोवर गोठून राहतं. साध्या ‘बटन’ टॅगचंही तेच. ‘डिव्ह’ला रंग देऊन बटणासारखं दाखवलं, तर कीबोर्डवरून तिथे पोचता येत नाही आणि अंध व्यक्तीचा स्क्रीन रीडर ते बटण आहे असं सांगत नाही. या गोष्टी अभ्यासक्रमात पहिल्या आठवड्यात शिकवल्या जायला हव्यात.

तिसरा समज मला सर्वांत घातक वाटतो. “आता नेट वेगवान झालं, साइट जड असली तरी काय फरक पडतो?” २०० केबीचा फोटो आणि २०० केबी जावास्क्रिप्ट उतरवायला सारखाच वेळ घेतील. फोटो उलगडून दाखवला की त्याचं काम झालं. जावास्क्रिप्ट मात्र आधी वाचावी लागते, मग तिचं यंत्रभाषेत रूपांतर होतं, मग ती चालते, आणि बहुतेक वेळा स्पर्शाला प्रतिसाद देणाऱ्या त्याच मुख्य धाग्यावर (मेन थ्रेडवर) चालते. तो अडकला की बोट टेकवूनही काही हलत नाही. इथे नेटचा वेग कामाचा नाही, फोनचा प्रोसेसर लागतो. आपण साइट घडवतो महागड्या लॅपटॉपवर आणि ती वापरली जाते स्वस्त अँड्रॉइड फोनवर. पानातला मुख्य मजकूर २.५ सेकंदांत दिसावा आणि स्पर्शाला २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा, हे गूगलचे निकष आहेत. ते आपल्या टेबलावरच्या यंत्रावर मोजून उपयोग नाही.

“जावास्क्रिप्ट तर सगळ्यांकडे असतेच,” हेही त्याच जातीचं. ब्रिटन सरकारच्या डिजिटल सेवेने २०१३ मध्ये मोजून पाहिलं, तेव्हा १.१ टक्के लोकांना ती मिळत नव्हती. त्यांतल्या जेमतेम ०.२ टक्क्यांनी ती बंद केली होती किंवा त्यांच्या ब्राउझरला ती चालत नव्हती. उरलेल्या ०.९ टक्क्यांना ती मिळायला हवी होती, तरी पोचली नाही. बोगद्यात शिरलेली गाडी, ऑफिसचा फायरवॉल, अर्धवट उतरलेली फाइल, अशी कारणं कोणाच्याही वाट्याला येऊ शकतात. फॉर्म साध्या एचटीएमएलवरही चालत असेल, तर त्या वेळीही अर्ज जातो.

सर्व्हरवर पान तयार करणं जुनाट, असंही काही काळ मानलं गेलं. पीएचपी १९९५ पासून तेच करत आहे, २०१६ मध्ये आलेलं नेक्स्टजेएसही रिॲक्टची पानं सर्व्हरवर तयार करतं.

आणि एक समज खास आपला: “युनिकोड आलं, मराठीचा प्रश्न मिटला.” मजकूर साठवण्याचा मिटला. पण ‘ज्ञानेश्वर’ हे नाव घ्या. वाचणाऱ्याला त्यात चार अक्षरं दिसतात. जावास्क्रिप्टला लांबी विचारली तर ती दहा सांगते, कारण प्रत्येक काना, मात्रा आणि हलन्त वेगळा धरला जातो. यूटीएफ-८ मध्ये तेच नाव ३० बाइट घेतं. रोमन नावं डोळ्यासमोर ठेवून वीस चिन्हांची मर्यादा घातलेल्या फॉर्ममध्ये मराठी पूर्ण नाव मधेच तुटतं. जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम युनिकोडच्या १५.१ या आवृत्तीत, २०२३ मध्ये आला. इंग्रजीसाठी ठरवलेल्या ओळींच्या अंतरात आपल्या वेलांट्या आणि उकार छाटले जातात, तेही सीएसएसमध्ये हाताने सुधारावं लागतं.

पानाच्या सुरुवातीला ‘लँग’ या गुणधर्मात मराठीचा ‘एमआर’ संकेत लिहिणं तर बहुतेक साइटवर राहूनच जातं. तो असला की स्क्रीन रीडरला मराठी उच्चार निवडता येतो. आणि ज्या देवनागरी फाँटात हिंदी आणि मराठी अशी दोन्ही वळणं दिलेली असतात, तिथे ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाने उमटतात.